बाकाबाईचं बटण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात. एक काळी, एक पिवळी, मागे बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि महाल-इतवारीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गलका करत त्यांना नेतात आणि जाळतात. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, हे इथल्या कोणत्याही पानठेल्यावर कळेल. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची ही विधवा राणी १८५७ साली इंग्रजांना सामील झाली, म्हणून नागपूर उठलं नाही, म्हणून सगळं फसलं. सव्वाशेहून जास्त वर्षं हे शहर तिला दरसाल जाळतंय.

मी याला जर-तरचा इतिहास म्हणतो. वाक्यात ‘जर’ दिसत नाही एवढंच. ती फितली नसती तर नागपूर उठलं असतं, नागपूर उठलं असतं तर सातपुड्यापासून गोदावरीपर्यंत वणवा पेटला असता, ही साखळी सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिची एकेक कडी ओढून पाहायची वेळ कोणावर येत नाही.

माझ्यावर आली, आणि कारण जरा पोरकट आहे. दोन वर्षांपासून मी आणि माझा भाचा एका कॉम्प्युटर गेमचा मॉड लिहितोय. गेमचं नाव व्हिक्टोरिया ३. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीनं तो २०२२ साली काढला. १८३६ ते १९३६ अशी शंभर वर्षं, जगाचा नकाशा, आणि त्यातला एक देश तुमच्या ताब्यात: कर, कर्ज, कायदे, कारखाने, फौज सगळं तुम्ही बघायचं. मॉड म्हणजे त्याच गेमच्या फायली उघडून त्यात आपला इतिहास भरायचा. पहिलं महायुद्ध जर्मनीनं जिंकलं असतं तर काय, यावरचा कैसररीश हा मॉड तर जगभर खेळला जातो. आमचा विषय साधा: नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालंच नाही.

हे ऐकल्यावर वडीलधारी मंडळी म्हणतात, इतिहासाची मोडतोड कशाला करता. भाच्याचे मित्र म्हणतात, मामाजी, दिल्लीपर्यंत न्या. दोघांनाही वाटतं की मॉड म्हणजे मनाला येईल ते लिहायची सोय. अनुभव नेमका उलटा आहे. व्यासपीठावरच्या भाषणात ‘जर’ फुकट मिळतो. मॉडमध्ये त्याची किंमत रोख मोजावी लागते, आणि म्हणून शाळा-कॉलेजांत, वादसभांत, घरोघरी इतिहासावर जे बोललं जातं त्याला या पोरखेळातून शिकण्यासारखं बरंच आहे, असं माझं मत झालंय.

आम्ही सुरुवात केली ती अर्थातच बाकाबाईपासून. नागपूरकराला दुसरं सुचणार काय? १८५७ च्या जूनमध्ये एक इव्हेंट, खिडकीत राणीचं चित्र, खाली दोन बटणं: ‘इंग्रजांना साथ’ आणि ‘उठाव’. मजकूर मी लिहिला होता आणि स्वतःवर खूश होतो. भाच्यानं ‘उठाव’ दाबलं. गेम पुढे सरकत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "मामाजी, बटण दाबलं तरी काही होऊनच नाही रायलं. बग आहे काय?"

बग नव्हता. या गेमची फाईल ‘जनता पेटून उठली’ असलं वाक्य ऐकून घेत नाही. ती विचारते: किती माणसं, कोणत्या छावणीत, कोणाच्या पगारावर, बंदुका कोणाच्या कोठारात. आणि बाकाबाईकडे द्यायला काय होतं, हे लिहायला बसल्यावर रकाने कोरे राहायला लागले.

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. मुलगा नाही, हयातीत दत्तकही घेतलेला नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा इथला प्रतिनिधी, रेसिडेंट मॅन्सेल, यानं दत्तकाला मान्यता द्यावी असं सुचवलं, डलहौसीनं ते फेटाळलं, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. मग वाड्याची झडती सुरू झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. वाड्यातलं सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन, अशी धमकी एका म्हाताऱ्या राणीनं दिल्याचं जॉन के या इंग्रज इतिहासकारानं नोंदवलंय. ती राणी म्हणजे बाकाबाई. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. धमकीचा उपयोग झाला नाही, सामान गेलंच.

म्हणजे १८५७ उजाडलं तेव्हा तिच्याकडे खजिना नव्हता, फौज नव्हती, वय पंचाहत्तरीच्या आसपास होतं. ज्यांच्याकडे हत्यारं होती ते टाकळीच्या छावणीतले कंपनीचे घोडेस्वार. त्यांनी १३ जूनच्या रात्री उठायचं ठरवलंही होतं. पायदळाला फितवायला पाठवलेला माणूसच पकडला गेला आणि बेत उघडा पडला. गोरे अधिकारी सीताबर्डीच्या टेकडीवर जमले, आणि कामठीहून मद्रासी पलटणींचे लोक आले. कामठीची छावणी इथून फार तर तासा-दोन तासांच्या घोड्याच्या वाटेवर, १८२१ पासूनची, आणि तिथले मद्रासी शिपाई कंपनीशी एकनिष्ठ राहिले. कटातल्या पुढाऱ्यांना नंतर फाशी झाली.

आमच्या फाईलमध्ये हे सगळं भरल्यावर चित्र स्पष्ट झालं. कामठीच्या पलटणी जागेवर असेपर्यंत राणीनं कोणतंही बटण दाबलं तरी नागपूर जास्तीत जास्त चार दिवस उठतं. कामठी हलली तर राणीनं काहीही दाबलं तरी उठतं. बटण चुकीच्या माणसाच्या हातात होतं.

ती निर्दोष होती असं मी म्हणत नाही. तिचा शब्द शहरात चालत होता आणि तो तिनं कंपनीच्या बाजूनं वापरला, हे खरं. तिला नातवंडाच्या वयाच्या दत्तक यशवंतरावाची गादी वाचवायची होती, ती आशा कंपनीच्या मेहेरबानीवर होती. १८५८ मध्ये ती वारली. दोन वर्षांनी त्या मुलाला जानोजी म्हणून राजाबहादूर हा किताब मिळाला, सातारकडच्या देऊर गावाच्या नावानं. राज्य नाहीच. मॉडमध्ये हा हिशेब एका ओळीत बसतो: थोडी प्रतिष्ठा कमी, दत्तकाची शक्यता थोडी जास्त. त्या ओळीला राज्य बुडवण्याइतकं वजन देता येत नाही, कितीही ओढलं तरी.

मग शहरानं तिलाच काऊन धरलं? माझा अंदाज असा आहे की कमिशनरचा पुतळा जाळता येत नव्हता, कामठीचा तर नाहीच. मेलेली राणी जाळता येते. तेव्हाच्या लोकांना मी नावं ठेवत नाही, राग कुठेतरी निघायचाच. पण आज आपण तीच साखळी जशीच्या तशी पुढे चालवतो आणि कामठीचं नाव कोणी घेत नाही, हे मला खटकतं.

तर फाटा बदलावा लागला. इतिहास जिथून वेगळी वाट धरतो त्या जागेला मॉडवाले इंग्रजीत भारदस्त नाव देतात, आम्ही दोघं ‘फाटा’ म्हणतो. भाचा म्हणाला, मागे जाऊ, अप्पासाहेब भोसल्यांकडे. सीताबर्डीची लढाई, २६-२७ नोव्हेंबर १८१७. पण व्हिक्टोरिया सुरूच १८३६ ला होतो, म्हणून या एका लढाईसाठी त्याच कंपनीचा जुना गेम काढला, युरोपा युनिव्हर्सालिस ४, ज्याचा काळ १४४४ ते १८२१ आहे. इंग्रजी नोंदींप्रमाणे टेकडीवर कंपनीची साधारण १,३०० माणसं, खाली भोसल्यांची १८,००० च्या घरातली फौज, त्यात कडवे अरब. गेमला आकडे दिले की अप्पासाहेब जवळजवळ दर वेळी जिंकतात. प्रत्यक्षात हरले. का हरले, हे आकड्यांत घालता घालता आमचा पावसाळा गेला. पण खरी गंमत जिंकल्यावर झाली.

भाच्यानं सीताबर्डी घेतली, घरात आरडाओरडा केला, त्याच्या आईनं माझ्याकडे तक्रार केली. मग कॅलेंडर पुढे सरकलं. खडकीला पेशव्यांचा पराभव ५ नोव्हेंबरलाच झालेला. कंपनीच्या जनरल डव्हटनची फौज डिसेंबरच्या मध्याला नागपूरच्या वेशीवर, १६ तारखेला लढाई. २१ डिसेंबरला महिदपूरला होळकर संपतात. पेंढाऱ्यांच्या नावाखाली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं लाखावर सैन्य आधीच मध्य हिंदुस्थानभोवती आवळलेलं. सीताबर्डी जिंकून हातात पडतात ते तीन आठवडे. तेवढ्यात काय करणार? सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजकेच दिवस लोकांना उघडतो, तिथे जाऊन ‘अप्पासाहेब एक रात्र आणखी तग धरते तर’ असं हळहळणारे दरवर्षी भेटतात. त्यांना मी हल्ली महिदपूरची तारीख सांगतो.

इथे एक गोष्ट लक्षात आली. जुना गेम १८२१ ला संपतो, आणि तोवर कोणी खेळत नाही, नकाशा एका रंगात रंगवून लोक कधीच उठून गेलेले असतात. नवा सुरू होतो १८३६ ला, तेव्हा तिसरे रघुजी गादीवर असतात ते कंपनीचे मांडलिक म्हणून. नागपूरचं जे व्हायचं ते १८०३ ते १८१८ या काळात झालं. दोन खेळांच्या सांध्यात. आपला इतिहास दुसऱ्यानं आखलेल्या चौकटीत बघायला गेलं की नेमका हवा तो तुकडा शिवणीत जातो.

म्हणून शेवटी १८०३, शिंदे-भोसल्यांचं कंपनीशी युद्ध. २३ सप्टेंबरला असईची लढाई, ऑक्टोबरात ओरिसातलं कटक पडलं, २९ नोव्हेंबरला अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह. दुसऱ्या रघुजींनी कटक कंपनीला दिलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडे गेलं. राज्याचा समुद्र तुटला आणि कापूसही. त्यानंतर उरलेली पन्नास वर्षं म्हणजे चहूकडून कोंडलेल्या घरातलं भाडेकरूपण. आमच्या मॉडमध्ये रघुजी असईनंतर लगेच शिंद्यांची साथ सोडतात, अडगाव होतच नाही, वऱ्हाड जातं पण कटक तहात परत मिळतं.

हे फुकट मिळत नाही. कंपनीला कटक हवं होतं ते कलकत्ता आणि मद्रास जमिनीवरून जोडायला. ते सोडायचं तर तिला डाकेचा रस्ता, फौजेला वाट आणि वर रोकड द्यावी लागेल. तेवढी रोकड भरली की नागपूरचा खजिना १८३६ ला कर्जात सुरू होतो. खेळणारे पहिल्याच मिनिटाला शिव्या घालतात. घालू देत. शिंद्यांशी दगा केल्याचा ठपकाही रघुजींच्या माथी येतो आणि ग्वाल्हेर शंभर वर्षं तो विसरत नाही.

आकडे कुठून आणले, हेही सांगायला हवं. मोडीतले कागद वाचणारे हात आता थोडे उरलेत. मॉड करायला मोडी शिकावी लागेल असं दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो, आता बाराखडीपर्यंत पोचलोय. तोवर आधार आहे तो रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सनं १८२७ साली कलकत्त्याला छापून घेतलेल्या नागपूर राज्यावरच्या अहवालाचा. परगणे, वसुली, पिकं, जाती, सगळं त्यात आहे. ज्यानं राज्य गिळायला मदत केली त्याच्याच वहीतून आम्ही ते राज्य जिवंत करतोय. माझ्या एका मित्राला हे पटत नाही. माझं म्हणणं, जेन्किन्सनं मोजलं ते वसुलीसाठी. असल्या हिशेबात खोटं लिहिलं तर नुकसान त्याचंच.

आता भाच्याची तक्रार, कारण ती हलकी नाही. "मग खेळायचं काऊन मामाजी? हरण्यासाठी?" त्याचं म्हणणं असं की माणसाच्या हातून काहीच होत नाही असं दाखवलं तर गेमही मेला आणि इतिहासही. कबूल. पण माणसाच्या हाती काही आहे ते मोठ्या बटणात सहसा नसतं. तिसऱ्या रघुजींनी वेळेत दत्तक घ्यायला हवा होता, हे त्यांच्या हातात होतं. आम्ही तो इव्हेंट ठेवलाय. घेतला तर घरातल्या दोन पाती भांडतात, सरदार नाराज होतात, पैसा जातो. आणि तरीही डलहौसी मान्य करेलच असं नाही: साताऱ्याचा दत्तक १८४८ ला नाकारलाच होता, झाशीचाही नाकारला. आम्ही मान्यतेची शक्यता शंभरात पंधरा ठेवलीय. भाचा म्हणतो चाळीस करा. या एका आकड्यावर आम्ही जेवढं वाचलं तेवढं मी पदवीच्या तीन वर्षांत वाचलं नव्हतं.

कापसाचंही तसंच. डलहौसीच्या टिपणात नागपूरच्या कापसाचा हिशेब स्पष्ट आहे, मँचेस्टरला तो हवा होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि कापसाचे भाव चढले. रेल्वे नागपूरला आली १८६७ मध्ये, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली १८७७ मध्ये. राज्य आपलं असतं तर हे सगळं दहा वर्षं आधी झालं असतं, असं अभिमानानं सांगणारे आहेत. मॉडमध्ये करून बघा. रूळ कुठून आणणार? कर्ज लंडनलाच काढावं लागतं, आणि तारण म्हणून तोच कापूस. विलायती कापडावर जकात बसवली तर उमरेड-पवनीचे कोष्टी तगतात, पण कर्ज देणारा जकात बसवू देत नाही. कोष्ट्याच्या चुलीला गादीवर कोण बसलंय यानं किती फरक पडतो, याचं उत्तर आमच्या चाचण्यांत दर वेळी वेगळं येतंय, आणि मी ते वेगळंच राहू दिलंय.

एक गोष्ट मात्र हा गेम मला कधीच दाखवू शकणार नाही. तो तुम्हाला गादीवर बसवतो. खाली जे राहतात ते आकडे. म्हणून ‘जर’ कोणाचा, हा प्रश्न बनवणाऱ्यानंच स्वतःला विचारावा लागतो. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं. त्याचा मुलगा चांद सुलतान १७३९ ला वारला, गादीवरून भांडण लागलं, त्याच्या विधवेनं मदतीला पहिल्या रघुजी भोसल्यांना बोलावलं. मदत झाली आणि मदतनीस राहिला. गोंड राजा पेन्शनवर शहरातच राहिला. म्हणजे १८५४ ला भोसल्यांचं जे झालं ते त्यांनी शंभर वर्षं आधी दुसऱ्याचं करून ठेवलं होतं, शब्द फक्त वेगळे. आमचा मॉड ‘नागपूर स्वतंत्र राहिलं असतं तर’ म्हणतो तेव्हा फाटा १८०३ चाच का, १७३९ चा का नाही, याला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर एकच आहे: मी मराठी बोलतो. म्हणून आम्ही दुसरी सुरुवात घातलीय, गोंडांची. ती अजून अर्धवट आहे, आणि तिचा मजकूर माझ्यासारख्यानं एकट्यानं लिहू नये.

बंगालचं तर विचारूच नका. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरचे घोडेस्वार तिकडे गेले, १७४४ ला त्यांचे सेनापती भास्करपंत यांचा घात झाला, १७५१ ला अलीवर्दीखानानं कटक आणि सालीना १२ लाख चौथ कबूल केली. आमच्याकडे हा पराक्रमाचा धडा. बंगाली आया मात्र पोरांना झोपवताना अजून बर्गींची, म्हणजे या मराठी घोडेस्वारांची, भीती घालतात. नकाशावर कटक भगव्या रंगात रंगवणं अर्ध्या सेकंदाचं काम आहे. त्या रंगाखाली कोण राहतं याची नोंद करायला फाईल लिहावी लागते, आणि ती लिहिलीच पाहिजे यावर आमचं भांडण झालं. भाच्याच्या मित्रांना वाटलं, मी मुद्दाम मजा घालवतोय.

गेल्या महिन्यात ती फाईल जोडली. कटकजवळच्या खुर्द्याच्या पाइकांनी, म्हणजे जमिनीच्या बदल्यात लढणाऱ्या शिपायांनी, १८१७ साली कंपनीविरुद्ध शस्त्र उचललं होतं, जमिनी काढून घेतल्या आणि कर वाढवले म्हणून. आमच्या जगात कटक कंपनीकडे नाही, आपल्याकडे आहे, आणि देवगावच्या रोकडीसाठी कर आपणच वाढवलेत. रविवारी रात्री अकरा वाजता भाच्याचा फोन आला. स्क्रीनवर लाल खूण लागली होती, खुर्दा उठला होता.

"मामाजी, हे आपल्याच विरुद्ध काऊन उठून रायले?"

मी म्हटलं, फौज पाठवतो का ते आधी सांग. तो गप्प झाला, माऊसचा आवाज तेवढा येत होता. नागपूरहून कटकची वाट छत्तीसगडच्या जंगलातून जाते, आणि गेममध्ये जून महिना लागला होता.